हातातली सुपारी

वाचकांचे प्रश्न : कायदा आणि कुटुंब

आदरणीय ताई,

मी लकडगंजमधील एका कारखान्यात सुतारकाम करतो. माझे वय 54 आहे. हे काम मी तुरुंगात शिकलो. पैसे घेऊन एका माणसाचा खून केल्याबद्दल 2003 साली मला अटक झाली, पुढे जन्मठेप झाली आणि शिक्षेत सूट मिळून 2019 मध्ये मी नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून बाहेर आलो. ज्याला मारले त्याच्याशी माझे कसलेही वैर नव्हते. त्याचे नावसुद्धा मला दोन दिवस आधी कळले होते. खरे सांगायचे तर ते एकच नव्हते, पण

अटकेच्या वेळी माझी मुलगी एक वर्षाची होती. बाबा दुबईला कामाला आहेत, असे घरच्यांनी तिला सांगितले आणि ते तसेच चालू राहिले. मी रजेवर घरी येत असे तेव्हा तिला वाटायचे की बाबा सुट्टीवर आले. बायकोला सर्व ठाऊक आहे. मुलीला आजपर्यंत कोणी काही सांगितलेले नाही.

गेल्या महिन्यात मुलीचे लग्न ठरले. सुपारी फोडण्याच्या दिवशी व्याह्यांनी रीतीप्रमाणे माझ्या तळहातावर सुपारी ठेवली आणि माझी बोटे मिटेचनात. मुलगी सासरी जाणार म्हणून बापाला भरून आले, असे बसलेल्या मंडळींना वाटले. त्या रात्रीपासून मला झोप नाही.

बाहेरून पाहिले तर माझे सर्व ठीक आहे. रोज सकाळी साडेनऊला रंधा हातात घेतो, संध्याकाळी भाजी घेऊन घरी जातो. पण टपरीवर चहा घेताना रस्त्याकडे पाठ करून मला बसता येत नाही. मागून येणारी मोटारसायकल हळू झाली की मान आपोआप वळते. पोळा आणि गणपती जवळ आले की ठाण्यातून बोलावणे येते. शिवाय दोन महिन्यांपूर्वी जुन्या ओळखीचा एक जण कारखान्यावर येऊन "शेवटचे एकच काम आहे" असे म्हणून गेला. मी नाही म्हणालो, पण तो पुन्हा येऊन गेला. नातेवाईक म्हणतात, वाल्याचा वाल्मीकी झाला. ते ऐकले की मला तेथून उठून जावेसे वाटते.

मुलीला सांगावे का? व्याह्यांना सांगावे का? ज्याला मारले त्याची आई याच शहरात राहते. तिच्या पाया पडून यावे का?

— एक वाचक, नागपूर

उत्तर :

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले. ओळख पटेल असे तपशील काढून ते येथे थोडे संक्षिप्त केले आहे. एक अर्धे वाक्य मात्र तुम्ही जसे सोडले तसेच छापले आहे, कारण माझ्या मते तुमची झोप त्याच वाक्यात अडकली आहे. त्याकडे मी येतेच.

सुपारी हा आपल्याकडे शब्द पक्का झाल्याचा पुरावा असतो. पूजेत ती गणपती म्हणून बसते, लग्न ठरताना ती फोडली की सोयरीक मोडायची नाही, आणि याच शब्दाच्या जोरावर गुन्हेगारी जगानेही तिचे नाव उचलले. या तीनही ठिकाणी अर्थ एकच आहे, की घेतले आता मागे फिरणे नाही. तुमचा हात का उघडा राहिला हे त्या मांडवात फक्त तुम्हाला आणि तुमच्या पत्नीला कळले असेल, आणि ज्या दिवशी मुलीच्या सुखाचा शब्द दिला जात होता त्या दिवशी तिचा बाप असा एकटा पडला, हे वाचून मला फार वाईट वाटले.

मुलीला सांगायलाच हवे, आणि इतर कोणाच्याही आधी. तिला काहीच ठाऊक नाही हे मला पटत नाही. दुबईहून आलेला बाप दोन-तीन आठवड्यांत परत जातो, हातात खेळणे नाही, खजुराचा डबा नाही, पासपोर्ट कधी कोणी पाहिला नाही. तेवीस वर्षांच्या मुलीने याचा हिशेब केव्हाच मांडला असेल आणि तुम्हाला दुखवायचे नाही म्हणून ती गप्प राहिली असेल. गेली 27 वर्षे मी फौजदारी वकिली करते आहे. मुलाखतीच्या दिवशी तुरुंगाबाहेर रांगेत उभ्या असलेल्या मुलांना मोठ्यांना वाटते त्यापेक्षा बरेच अधिक कळत असते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

कसे सांगावे, याला फार महत्त्व आहे. आपल्या भाषेत "माझ्या हातून झाले" असे म्हणण्याची सोय आहे. पाण्याचा तांब्या लवंडला तरी आपण तसेच म्हणतो. कृपा करून हे वाक्य वापरू नका, "परिस्थिती तशी होती" असेही म्हणू नका. मी पैसे घेतले, मी त्या माणसाला मारले, मला शिक्षा झाली आणि ती मी भोगली, असे "मी"पासून सुरू होणारे वाक्य बोला. पत्नी शेजारी असू द्या, निकालाची प्रत घरात असेल तर ती काढून ठेवा, आणि हळदीच्या आदल्या रात्रीपर्यंत थांबू नका. मुलगी रडेल, कदाचित काही दिवस बोलणार नाही. तेवढे दिवस तिच्याकडे काही मागू नका, क्षमासुद्धा नाही. ज्या खुनाचा निकाल लागला त्याबद्दल घटनेच्या अनुच्छेद 20(2) प्रमाणे तुमच्यावर पुन्हा खटला चालू शकत नाही, म्हणून तेवढी हकीकत तिला सांगण्यात कायद्याची आडकाठी नाही.

पण "ते एकच नव्हते" या वाक्याचे तसे नाही, आणि येथे मला अतिशय स्पष्ट लिहिले पाहिजे. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना कायद्याने मुदत घातली आहे, परंतु खुनाला मुदत नाही. वीस वर्षे गेली म्हणून प्रकरण मिटले असे होत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 111 मध्ये सुपारी घेऊन केलेला खून संघटित गुन्ह्यांत नावानिशी आला आहे. जुन्या घटनांना मात्र तेव्हाचाच कायदा, म्हणजे दंडसंहितेचे कलम 302 आणि कटाचे 120-ब, लागू होतो.

आता हे कोणाला सांगायचे? मासिकाला लिहिलेल्या पत्राला कायद्याचे कोणतेही संरक्षण नाही, म्हणून ते वाक्य मला पूर्ण करून पाठवू नका. मुलीलाही आज सांगू नका, कारण बापाने मुलीला सांगितलेल्या गोष्टीबद्दल तिला साक्षीला बोलावता येते, आणि खुनाची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना द्यावी असे बंधनही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 33 ने घातले आहे. नव्या नवरीच्या पदरात तुम्ही हे बांधून देणार का? पती-पत्नीमधील बोलण्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 128 चे आणि वकिलाशी झालेल्या बोलण्याला कलम 132 चे संरक्षण आहे. म्हणून आधी वकिलाकडे जा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. दंडाधिकाऱ्यासमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 खाली जबाब देणे, माफीचा साक्षीदार होणे, की आणखी काही, हे वकील कागद पाहून सांगेल. तुम्ही हे सांगावे असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे कारण केवळ तुमची झोप नाही. आपला माणूस का गेला, कोणी पाठवले होते, हे ठाऊक नसलेले एखादे घर कुठेतरी अजून दाराकडे पाहत असेल. त्याची किंमत पुन्हा तुरुंगवास असू शकते आणि ती लहान नाही, हे जाणून मी लिहीत आहे.

तुमचे नातेवाईक वाल्मीकीचे नाव घेतात ते प्रेमानेच घेत असतील. पण त्या कथेत वाल्याने घरी जाऊन "माझ्या पापात वाटेकरी व्हाल का" असे विचारले आणि सर्वांनी नाही म्हटले, तो भाग आपण फार लवकर ओलांडून जातो. तुम्हाला मी दीक्षाभूमीच्या या शहरात सर्वांना ऐकून ठाऊक असलेल्या अंगुलिमाल या खुनी दरोडेखोराची आठवण देईन. मज्झिम निकाय या बौद्ध ग्रंथात त्याची कथा येते. राजा प्रसेनजित पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघाला होता. तेव्हा भिक्षू झालेला अंगुलिमाल बुद्धांच्या जवळच बसलेला होता. बुद्धांनी त्याला लपवले नाही. उजवा हात पुढे करून "महाराज, हा अंगुलिमाल" असे त्यांनी सांगितले. पुढे तो श्रावस्तीत भिक्षेला गेला तेव्हा लोकांची ढेकळे, काठ्या आणि खापऱ्या लागून त्याचे डोके फुटले, भिक्षापात्र फुटले, चीवर फाटले. रक्त गळत तो परत आला तेव्हा बुद्धांनी त्याला सहन कर असे सांगितले. त्या गावकऱ्यांना त्यांनी दोष दिला नाही आणि अंगुलिमालाला दुसऱ्या गावीही पाठवले नाही.

म्हणूनच त्या आईकडे जाऊ नका. ती कोणत्याही दिवशी दार उघडेल आणि समोर तुम्ही असाल, तिच्या तयारीवाचून, तिच्या संमतीवाचून. पाया पडणाऱ्याला उठ म्हणावे लागते अशी आपल्याकडे रीत आहे, आणि तुम्ही वाकलात की ते ओझे तिच्यावर येईल. तिला तुम्हाला भेटायचे असेल तर ते तिच्या बाजूने यावे. फार तर वकिलामार्फत किंवा एखाद्या जाणत्या समाजकार्यकर्त्यामार्फत, तिला काही विचारायचे असल्यास तुम्ही उत्तर द्यायला तयार आहात, एवढा निरोप एकदा जाऊ द्या. उत्तर आले नाही तर दुसरा निरोप नको.

व्याह्यांचा प्रश्न मुलीने सोडवायचा आहे. तिला कळल्यावर आधी ती मुलाशी बोलेल, मग दोघे ठरवतील त्या दिवशी तुम्ही स्वतः व्याह्यांकडे जावे. सोयरीक मोडेल का? मोडू शकते. परंतु न्यायालयाचा निकाल कोणालाही मिळवता येतो, आणि लग्नानंतर दुसऱ्याच्या तोंडून कळले तर सासरी मान खाली घालावी लागेल ती तिला, तुम्हाला नव्हे.

जुन्या ओळखीच्या माणसाबद्दल एक दिवसही थांबू नका. तो आला ती तारीख, वेळ आणि शब्द लिहून ठेवा आणि वकिलासह लेखी तक्रार द्या. तुमची सुटका सूट मिळून झाली आहे. तिच्या अटी मोडल्या तर शासन ती रद्द करून तुम्हाला परत पाठवू शकते, आणि जन्मठेप म्हणजे संपूर्ण आयुष्य हे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्येच गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात सांगितले आहे. सणापूर्वीच्या बोलावण्याला जात जा, मात्र प्रतिबंधक कारवाई करायची असेल तर लेखी नोटीस मागा. रात्री घरात शिरून पाहणी करण्याचा अधिकार 1962 च्या खडकसिंग निकालाने काढून घेतला आहे.

पाठ रस्त्याकडे करता येत नाही, ही सवय वर्षानुवर्षांची आहे आणि निश्चयाने जात नाही. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. तोवर शासनाच्या 14416 या टेलि-मानस क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते.

दुसरा प्रश्न :

माझा हिंगणा परिसरात लहान कारखाना आहे. चार वर्षे उत्तम काम करणारा एक कामगार खुनाची शिक्षा भोगून आलेला आहे, असे मला दुसऱ्याकडून कळले. बाकीचे कामगार कुजबुजत आहेत. त्याला काढावे का?

— एक उद्योजक, नागपूर

उत्तर :

शिक्षा भोगून आलेल्या माणसाला खासगी कामावर ठेवू नये असा कोणताही कायदा नाही, आणि चार वर्षांचे काम तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्याला एकट्याला बोलावून, दार लावून, तुम्हाला काय कळले ते सांगा आणि त्याचे म्हणणे पूर्ण ऐका. सुटकेचा कागद पाहायला मागणे गैर नाही. इतरांना काय सांगायचे ते त्याला विचारून ठरवा. आणि त्या दिवशी त्याला लवकर घरी पाठवू नका, नेहमीच्याच वेळी नेहमीच्याच यंत्रावर उभे राहू द्या, म्हणजे बाकीच्यांना तुमचा निर्णय न बोलता कळेल.