फ्लॅटचे पैसे ग्रॅबच्या शेअरमध्ये घालावेत का?

प्रश्न : आम्ही काही वर्षं सिंगापूरमध्ये आहोत, मी एम्प्लॉयमेंट पासवर नोकरी करतो. दोन वर्षांनी पुण्यात फ्लॅट घ्यायचाय, त्यासाठी ९०,००० सिंगापूर डॉलर साठवलेत. इथे गाडी, जेवण, किराणा सगळं ग्रॅबवरून येतं, कंपनी वाढतेच आहे. ६०,००० डॉलरचे तिचे शेअर घ्यावेत असं मला वाटतं. पत्नीला पटत नाही.

उत्तर : या पैशांतून घेऊ नका. तुमच्या पत्नीचं म्हणणं मला पटतं.

कंपनीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. २०१२ मध्ये मलेशियात ‘मायटेक्सी’ नावाने टॅक्सी बोलावण्यापुरतं सुरू झालेलं हे ॲप आज आग्नेय आशियातल्या आठ देशांत चालतं. २०१८ मध्ये उबरने या भागातला आपला धंदा ग्रॅबला दिला आणि बदल्यात २७.५ टक्के हिस्सा घेतला. या भागात मोटारसायकल टॅक्सी लागते, रोख पैसे घ्यावे लागतात, हे स्थानिक माणसांनी ओळखलं होतं. त्या यशाचं मलाही मनापासून कौतुक आहे.

पण धंदा वाढला म्हणून भागधारकाचे पैसे वाढतातच असं नाही, आणि ग्रॅबचाच इतिहास त्याचा पुरावा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये कंपनी नॅस्डॅक या अमेरिकन शेअर बाजारावर आली तेव्हा तिचं मूल्य सुमारे ४० अब्ज अमेरिकन डॉलर धरलं होतं. पहिल्याच दिवशी शेअर २० टक्क्यांहून जास्त पडला, आणि २०२२ मध्ये तर तीन डॉलरच्याही खाली गेला. त्याच काळात धंदा जोरात होता : २०२२ चा महसूल साधारण १.४ अब्ज डॉलर, २०२४ चा २.८ अब्ज. म्हणजे दोन वर्षांत जवळपास दुप्पट. तरीही पहिला तिमाही नफा दिसायला २०२३ ची अखेर उजाडली. ज्यांनी सुरुवातीला दहा डॉलरने घेतले, त्यांनी पुढच्या कित्येक वर्षांच्या वाढीची किंमत आधीच मोजली होती.

नफा मुळात पातळ का, तेही बघा. चालकाला कमी दिलं तर तो दुसऱ्या ॲपवर जातो. जास्त दिलं, तर ते प्रवाशाकडून तरी घ्यायचं किंवा स्वतः सोसायचं. सिंगापूरमध्ये चालकाकडून कमिशन न घेणारं ‘टाडा’ समोर उभं आहे. १ जानेवारी २०२५ पासून तिथे प्लॅटफॉर्म कामगारांचा, म्हणजे अशा ॲपवरून काम करणाऱ्यांचा कायदा लागू झालाय, त्यामुळे चालकांच्या सीपीएफचा (तिथल्या भविष्यनिर्वाह निधीचा) वाटा आणि अपघात भरपाईचा भार कंपनीवर आला. माणूस म्हणून मला हा कायदा योग्यच वाटतो. पण भागधारकाला तो खर्च धरूनच हिशेब करावा लागेल.

तुमच्या बाबतीत मला खरी काळजी मुदतीची वाटते. बिल्डरचा हप्ता शेअर वर येईपर्यंत थांबत नाही. शिवाय नोकरी गेली तर पास रद्द होतो आणि सहसा ३० दिवसांत गाशा गुंडाळावा लागतो. नेमके त्याच वेळी शेअर पडलेले असले तर तोट्यात विकावे लागतील.

म्हणून आधी सहा महिन्यांचा खर्च तिथल्या बँकेत बाजूला ठेवा. उरलेल्यातले निम्मे एनआरई मुदत ठेवीत, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या भारतीय बँकेतल्या रुपयांच्या ठेवीत घाला. घर रुपयांत घ्यायचंय, आणि अनिवासी असेपर्यंत त्या व्याजावर भारतात कर नाही. बाकीचे सिंगापूर सरकारच्या सहा महिन्यांच्या टी-बिलांत (अल्पमुदतीच्या सरकारी कर्जरोख्यांत) ठेवा आणि टप्प्याटप्प्याने पाठवा. सगळी रक्कम एकाच दराने बदलायची घाई नको.

ग्रॅबचे शेअर हवेच असतील तर पुढच्या पगारातून घ्या, फार तर चार-पाच हजार डॉलरचे, आणि पत्नीला सांगून. परतल्यावर हे शेअर ठेवता येतात. मात्र भारतात पूर्ण निवासी झालात, की दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात त्यांची नोंद करावी लागते आणि विक्रीच्या नफ्यावर इथे कर लागतो. खरेदीच्या पावत्या आत्तापासूनच जपून ठेवा.