डोक्याला किती 'जी'चा धक्का बसला की कन्कशन (मेंदूला हादरा बसून होणारी इजा) होतं? खेळाडूच्या माउथगार्ड किंवा हेल्मेटमधल्या सेन्सरवरून आधीच कळतं का?

नाही, अमुक 'जी'च्या वर कन्कशन आणि खाली सुरक्षित अशी रेघ आखता येत नाही; सेन्सर फक्त कुणाला तपासायचं ते सुचवतो. 'जी' हा सरळ रेषेतल्या धक्क्याचा, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला आकडा, आणि मेंदूला जास्त बाधतं ते डोकं गर्रकन फिरणं. घट्ट लागलेल्या दह्याचं भांडं हळूच पुढे सरकवा, दही जागचं हलत नाही. तेच झटक्यात फिरवा, कडेपासून सुटतं. ऑक्सफर्डच्या हॉलबर्न यांनी १९४३ मध्येच जिलेटिनच्या प्रतिकृतींवरून हा मुद्दा मांडला होता. बॉक्सिंगमधला हनुवटीवरचा आडवा ठोसा (हुक) माणसाला झोपवतो, तोही यामुळेच. म्हणून वर्ल्ड रग्बी या रग्बीच्या जागतिक संघटनेने २०२४ मध्ये वरच्या पातळीवर सेन्सरवाले माउथगार्ड (दातांवर बसवायचं संरक्षक कवच) आणले, तेव्हा दोन्ही आकडे धरले: सरळ धक्क्याचा आणि डोकं फिरण्याचा. माउथगार्डच का? तो वरच्या दातांवर घट्ट बसतो, कवटीसोबतच हलतो. हेल्मेट डोक्यावर सरकतं, त्यामुळे त्यातल्या सेन्सरच्या आकड्यांवर माझा तरी फार भरवसा नाही.

पण मोठा आकडा येऊनही एखादा ठणठणीत असतो, आणि लहानशा धक्क्याने दुसऱ्याला गरगरतं. धक्क्याची दिशा, मानेची ताकद, आधीची इजा, सगळ्यानेच फरक पडतो. शिवाय लक्षणं काही वेळा तासाभराने उमटतात. तेव्हा सेन्सरचा अलार्म वाजला नाही एवढ्यावरून खेळाडूला मैदानात परत पाठवू नका.