पाचटाच्या तेलावर पंप चालेल का?

प्रश्न : आमची दौंड तालुक्यात ऊसशेती आहे. पाचट आणि तुराट्यांपासून पायरोलिसिस करून डिझेलसारखे तेल मिळते आणि त्यावर शेतातला पंप चालतो, असे एका यंत्रविक्रेत्याने सांगितले. यंत्र घ्यावे काय?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : तेल मिळते हे खरे, ते डिझेलसारखे असते हे मात्र खरे नाही. पायरोलिसिस म्हणजे काडीकचरा हवा न लागू देता तापवणे. हवा नसल्यामुळे तो जळत नाही, तर त्याचे विघटन होऊन कोळसा, वायू आणि वाफ निर्माण होते व ती वाफ थंड केली की काळपट तेल जमते. तेल जास्त हवे असेल, तर बारीक दळलेला, जवळजवळ कोरडा माल सुमारे ५०० अंश सेल्सियसला क्षणात तापवून वाफ दोनेक सेकंदांत थंड करावी लागते. हे काम कारखान्याचे आहे, बांधावरचे नव्हे. शिवाय पाचटातील पोटॅशियममुळे वाफेचे आणखी तुकडे होतात आणि लाकडाच्या मानाने तेल कमी पडते.

एवढे करून हाती आलेल्या तेलात १५ ते ३० टक्के पाणी असते, ते व्हिनेगरसारखे आंबट असल्याने साध्या लोखंडाला खाते, डिझेलमध्ये मिसळत नाही आणि साठवले की घट्ट होत जाते. किलोमागे त्याची उष्णता डिझेलच्या जेमतेम दोन पंचमांश भरते. बॉयलरच्या भट्टीत ते जाळता येते; आपल्या पंपाचे इंजिन मात्र त्याने खराब होईल. विक्रेत्याने हे सांगितले नसेल, तर का, ते आपण ओळखू शकाल.

आपल्याला परवडेल तो मार्ग कोळशाचा. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेला २००२ साली शाश्वत ऊर्जेच्या कामासाठी ब्रिटनमध्ये दिला जाणारा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला, तो पाचटाच्या कोळशासाठीच. त्या भट्टीत पाचट ठासून भरलेले बंद डबे ठेवून बाहेरून पाचटाचाच जाळ करतात आणि डब्यांतून सुटणारा वायूही तिथेच पेटतो, त्यामुळे मातीने लिंपलेल्या लोणारी भट्टीसारखा धूर कोंदत नाही. पाचटाचा कोळसा भुकटीच्या रूपात निघतो; ती खळीत किंवा शेणात कालवून, कांड्या पाडून, वाळवून शेगडीत वापरतात. तुराट्यांचा कोळसा त्यापेक्षा टणक असतो.

मात्र खोडव्यात आच्छादनाला लागणारे पाचट भट्टीत घालू नये, कारण जमिनीला त्याचा उपयोग अधिक आहे. पेटवून देण्याची वेळ येते तेवढेच घ्यावे. आणि डबे पूर्ण निवाल्याशिवाय उघडू नयेत, कारण गरम कोळशाला हवा लागताच तो पुन्हा पेट घेतो.