मंत्रचळ : चुकलेल्या मंत्राचा नव्हे, न चुकलेल्या मंत्राचा

एका वाचकाचा प्रश्न आहे : ‘कंपल्सिव्ह’ला मराठीत ‘सक्तीचा’ म्हणावं की ‘अनिवार्य’? आणि ओसीडीला, म्हणजे नको तो विचार पुन्हा पुन्हा आणणाऱ्या आणि तीच ती कृती करायला लावणाऱ्या ‘ऑब्सेसिव्ह-कंपल्सिव्ह डिसऑर्डर’ या मनाच्या आजाराला, ‘मंत्रचळ’ म्हटलं तर चालेल का, की हा शब्द आता जुनाट आणि अपमानकारक झाला आहे?

दुसरा भाग आधी घेतो, कारण त्यानेच मला लिहायला बसवलं. नुसता चालेल नव्हे, चालवायलाच हवा. इतका नेमका शब्द घरात असताना आपण दारोदार तीन इंग्रजी अक्षरं मागत फिरतो, आणि तीही चुकीची वापरतो. मागच्याच महिन्यात एका लग्नात रुखवताच्या टेबलापाशी एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, “अगं, मला ना ओसीडी आहे, ताटं एका रेषेत नसली की मला चालतच नाही.” तिने ताटं सरळ केली, तिला बरं वाटलं आणि ती जेवायला गेली. याला मराठीत टापटीप म्हणतात. नीटनेटकेपणा म्हणा, फार तर काटेकोरपणा म्हणा. ज्याला खरोखर हा आजार आहे त्याला जेवायला जाता येत नाही. ताटं रेषेत लागलेली त्याला दिसत असतात, तरी ती लागली आहेत हे मनाला पटत नाही. मग तो पुन्हा लावतो. त्यात आवड नसते, समाधान तर नसतंच. आपण करतोय ते फुकाचं आहे हे बहुतेकांना कळत असतं, आणि खरा जाच तोच असतो. असल्या विचारांत आणि कृतींत दिवसाचा तासाहून जास्त वेळ जातो का, असंही डॉक्टर निदान करताना पाहतात. टापटिपीला आजाराचं नाव दिलं की आजारी माणसाने खरं सांगितलं तरी लोक म्हणतात, “अरे, मलापण आहे थोडं.”

आता शब्दाकडे. ‘मंत्र’ सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. गंमत ‘चळ’मध्ये आहे. संस्कृत ‘चल्’ म्हणजे हलणं. मराठीने त्याचा ‘ल’ चा ‘ळ’ केला आणि केवढा संसार मांडला! चळवळ त्यातली, चळचळा कापणं त्यातलं. झोप चाळवते, बुद्धी चळते, हाताला चाळा लागतो. बोलता बोलता पेनाचं टोपण उघडमीट करणं हा चाळा, आणि तो निरुपद्रवी असतो. त्या ‘चा’चा ‘च’ झाला की मामला गंभीर होतो. चळ लागतो तो मनाला. मन जागेवरून हलतं आणि परत जागेवर बसत नाही.

मग मंत्राचा इथे संबंध काय? इथे मी अनेक जाणकारांशी भांडत आलो आहे. एक पक्ष म्हणतो, कोणी तरी मंत्र टाकला, करणी केली, म्हणून लागलेला चळ. हे मला मुळीच मान्य नाही. ‘म्हातारचळ’ हा सख्खा भाऊ बघा. म्हातारपणी लागलेला चळ तो म्हातारचळ. म्हाताऱ्याने दुसऱ्याला लावलेला नव्हे. तसाच मंत्र म्हणताना लागलेला तो मंत्रचळ. दुसरा पक्ष म्हणतो, मंत्र चुकला की देव कोपतो आणि वेड लागतं, तो मंत्रचळ. हा पक्ष खऱ्याच्या जवळ येतो आणि ऐन दारातून परत फिरतो. माझं म्हणणं असं की मंत्र चुकलेलाच नसतो. चुकला असेल या भयाने माणूस चळतो.

या भयाला परंपरेत केवढा आधार होता ते पाहा. पतंजलीने महाभाष्य या संस्कृत व्याकरणावरच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच, व्याकरण का शिकायचं हे सांगताना, ‘इंद्रशत्रु’ शब्दाचा दाखला दिला आहे. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्टा या देवांच्या कारागिराने यज्ञ मांडला. ‘इंद्रशत्रु’ या शब्दात स्वराचा आघात शेवटच्या अक्षरावर असेल तर अर्थ ‘इंद्राचा मारेकरी’, आणि पहिल्या अक्षरावर असेल तर ‘इंद्र ज्याचा मारेकरी आहे तो’. आघात चुकला, वृत्र नावाचा पुत्र जन्मला, आणि मारला गेला तो वृत्रच. एका आघाताने यज्ञच तो करणाऱ्यावर उलटला, हे ज्याच्या मनावर लहानपणापासून बिंबलं आहे, त्यात जो मुळातच शंकेखोर, त्याचं रोजच्या संध्येत काय होत असेल?

मी ते पाहिलं आहे. कोकणातल्या घरी आमचे एक चुलत आजोबा पडवीत पाटावर संध्येला बसत. आचमनाची पहिली तीन नावं, केशव, नारायण, माधव, यांना पाणी प्यायचं. चौथ्या ‘गोविंदाय नमः’ला ताम्हनात सोडायचं. आजोबा ‘गोविंदाय’पाशी थबकत. पळी हवेतच. मग मान हलवून परत ‘केशवाय’. ताम्हन भरून पाणी पाटाखाली ओघळायचं, उन्हं पायरीवरून अंगणात उतरायची, तरी ते पाचव्या नावाला पोचलेले नसत. आजी आतून सांगायची, “अहो, म्हटलंत तुम्ही गोविंदाय, मी ऐकलं.” तेवढ्यापुरते ते पुढे सरकत आणि पुन्हा मागे येत. मानसोपचारतज्ज्ञ आज घरच्या माणसांना हेच समजावतात : “झालं हो” अशी खात्री देत राहिलात तर घटकाभर बरं वाटतं आणि शंका आणखी पोसते. 1966 मध्ये लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी जी उपचारपद्धती मांडली, तिचं मर्म शंका सोसायची पण कृती थांबवायची, असं आहे. आजही औषधांच्या जोडीने तिचाच मोठा आधार आहे. आजोबांना हे काहीच मिळालं नाही. गावात लोक म्हणत, “त्यांना मंत्रचळ आहे,” आणि त्या म्हणण्यात हेटाळणी नव्हती. ऐकणाऱ्याला मात्र नेमकं कळत असे. शब्द अपमानकारक आहे म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

आता कोणी म्हणेल, आज संध्या कोण करतो? कुलूप लागलं का, गॅस बंद केला का, हात स्वच्छ झाले का, याच शंका असतात. मान्य. पण आकार तोच आहे. ‘झालं, पण बरोबर झालं का?’ फ्रेंच वैद्यांनी एकोणिसाव्या शतकात याला ‘शंकेचं वेड’ म्हटलं होतं. मराठीने तीच गोष्ट पळी-ताम्हनासकट एका शब्दात ठेवली.

आणखी एक. ‘ऑब्सेशन’ हा लॅटिन शब्द मुळात ‘समोर ठाण मांडून बसणं’, म्हणजे किल्ल्याला वेढा घालणं. त्यातला बसण्याचा धातू आणि आपल्या ‘उपनिषद’, ‘परिषद’, ‘संसद’ यांतला ‘सद्’ हे एकाच मूळचे. सावकार वसुलीसाठी दारात धरणं धरून बसायचा ना, तसा हा विचार दारात बसतो. ऋण फेडून झालं तरी उठत नाही.

राहिला पहिला प्रश्न. ‘सक्ती’ नको. तो फारसी ‘सख़्त’वरून आलेला शब्द आणि सक्ती करतो तो दुसरा कोणी तरी, जशी सक्तीची वसुली. हिंदीतून येणारं ‘बाध्यता’ तर मुळीच नको. मराठी कानाला त्यात विषबाधा आणि भूतबाधाच ऐकू येते. पाठ्यपुस्तकांतलं ‘अनिवार्य’ अर्थाने बरोबर आहे, पण परीक्षेतल्या अनिवार्य प्रश्नासारखं कोरडं वाटतं. ज्यांना हा त्रास आहे ते स्वतः काय म्हणतात ते ऐका : “धुतल्याशिवाय मला राहवत नाही.” ‘मी राहत नाही’ असं ते म्हणत नाहीत. ‘मी’चा ‘मला’ होतो, क्रियापदाला ‘व’ लागतो आणि करणारा कर्तेपणावरून खाली उतरतो. करायचं नाही, पण केल्यावाचून राहवतही नाही, हे मराठीचं क्रियापद सांगून मोकळं होतं. तेव्हा ‘कंपल्सिव्ह’साठी विशेषण शोधत बसू नका, ‘राहवत नाही’ लिहा. आणि आजाराला मंत्रचळ.