सॅटेलाइट आहेत, तरी समुद्राचा तळ मोजायचा राहिलाच कसा?

प्रश्न : माझी लेक मर्चंट नेव्हीत कॅडेट म्हणून लागलीय. आम्ही सोलापूरचे, समुद्र बघायचा तरी एक रात्र प्रवास. परवा ती फोनवर म्हणाली की समुद्राच्या तळाचा नकाशा अजून बराचसा झालेलाच नाही. मोबाइलवर आमची गल्ली दिसते, मग हे कसं? आणि तिचं जहाज चालतं तरी कशावर? - एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, लेक बरोबर सांगतेय. 2017 ला सगळ्या समुद्राचा तळ मोजायचं सीबेड 2030 नावाचं काम सुरू झालं तेव्हा जेमतेम 6 टक्के तळ नीट मोजलेला होता, आता कुठं पाव भागाच्या थोडं पुढं गेलंय. कारण साधं आहे, उजेड आणि रेडिओ लहरी पाण्यात खोल जातच नाहीत, त्यामुळं सॅटेलाइटला तळ दिसत नाही, फक्त अंदाज काढता येतो.

आपल्याकडं दोराला दगड बांधून विहिरीत सोडायचे आणि खोली परसात सांगायचे ना, जहाजावर पण तेच चालायचं. चॅलेंजर नावाचं जहाज 1872 ते 1876 असंच जगभर फिरलं, 1875 मध्ये पॅसिफिक महासागरातल्या मारियाना बेटांजवळ दोर 8 किलोमीटरच्या वर खाली गेला, आणि एवढं करून मिळाला एक आकडा! आता आवाज सोडतात, पाण्यात तो सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो, 4 किलोमीटर खोल तळाला जाऊन परत यायला पाच-सव्वापाच सेकंद. पण जहाज किंवा यंत्र तिथं न्यावंच लागतं, म्हणून वेळ लागतोय.

लेकीला 1950 च्या सुमारास समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्या मेरी थार्प यांच्याबद्दल नक्की सांगा. त्या काळी बायकांना संशोधनाच्या जहाजावर घेतच नसत, म्हणून सहकारी ब्रूस हीझन समुद्रावरून आकडे आणायचे आणि ह्या टेबलाशी बसून हातानं तळ काढायच्या. काढता काढता त्यांना अटलांटिकच्या मधल्या डोंगररांगेत लांबच लांब दरी दिसली, तर हीझन यांनी ती पोरीबाळींची बडबड म्हणून उडवून लावली. दरी खरी निघाली, आणि खंड सरकतात हे पटायला तिची मोठी मदत झाली. आज तुमची लेक स्वतः जहाजावर आहे, मला ह्याचा फार आनंद होतो.

तुमची काळजी कळते. राहिलेला भाग बहुतेक खोल पाण्याचा आहे, मालवाहू जहाज पाण्यात दहा-वीस मीटरच बुडतं. बंदराजवळचा उथळ भाग पुन्हा पुन्हा मोजतात, त्यावरून चार्ट म्हणजे जहाजासाठीचे समुद्राचे नकाशे काढतात, आपल्याकडं ते डेहराडूनला बनतात. जीपीएस फक्त जहाज कुठंय ते सांगतं, खाली काय आहे ते चार्टच सांगतो. आणि जीपीएसचा सिग्नल जॅम करता येतो, म्हणून ताऱ्यांवरून जागा काढायला अजून शिकवतात.

तुम्ही पण करून बघा. रात्री गच्चीवर उत्तरेकडं तोंड करा, हात ताठ धरून क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवा. एक मूठ म्हणजे साधारण 10 अंश, सोलापूरला ध्रुवतारा दोन मुठींच्या जरा खालीच सापडेल. तिचं जहाज उत्तरेला गेलं की तो वर चढतो, तेव्हा फोनवर विचारा, किती मुठींवर आलाय.