गरोदरपणात बेंबी का दुखते? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

या वेळी सगळे प्रश्न बेंबीवरचेच घेतेय, कारण ते खूप आलेत आणि बहुतेकींनी शेवटी एकच वाक्य लिहिलंय की "घरचे म्हणतात होतंच असं, सहन कर." बऱ्याचदा खरंच काळजीचं नसतं, पण ते ठरवायचं कसं हे कुणी तुम्हाला सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पाचवा महिना संपत आलाय. उठताना, खोकताना, कधी नुसतं हसले तरी बेंबीत आतून टोचल्यासारखं होतं. बाळ आतून नाळ ओढतंय का? खूप भीती वाटते.

नाही ओ ताई, आधी ही भीती काढून टाका. बाळाची नाळ तुमच्या बेंबीला जोडलेलीच नसते, ती वारेला जोडलेली असते आणि वार गर्भाशयाच्या आत असते, त्यामुळे बाळाने कितीही लाथा मारल्या तरी तुमची बेंबी काही ओढली जात नाही. होतं काय, की साधारण २० व्या आठवड्याला गर्भाशय वाढत वाढत बेंबीच्या पातळीला येतं. पोटाचे दोन उभे स्नायू असतात ते त्यामुळे बाजूला सरकतात, त्यांच्या मधली पट्टी ताणली जाते आणि बेंबी नेमकी त्या पट्टीवर. तिथे मागे स्नायू नाही, चरबी फारशी नाही, कातडी जवळजवळ थेट आतल्या पडद्याला चिकटलेली, मग ताण पहिल्यांदा तिथेच जाणवणार. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला किंवा जुळं असेल तर हे लवकर आणि जास्त होतं. आधी दुर्बिणीचं ऑपरेशन झालेलं असेल तर बेंबीपाशी छोटा टाका असतो, तोही कधी कधी ओढल्यासारखा वाटतो.

उपाय साधे आहेत पण रोज करायला हवेत. पलंगावरून सरळ उठून बसू नका, आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताने रेटा देऊन उठा, एवढ्या एकाच गोष्टीने बऱ्याच जणींचं निम्मं दुखणं कमी होतं. खोकला-शिंक आली की तळहात बेंबीवर ठेवून आधार द्या. झोपताना कुशीवर, पोटाखाली एक पातळ उशी. परकराचा किंवा सलवारचा नाडा बेंबीवरून करकचून बांधत असाल तर तो पोटाच्या खाली घ्या नाहीतर सरळ इलॅस्टिकचे प्रेग्नन्सी पँट वापरा. पोटाचा पट्टा चालतो, पण तुमच्या डॉक्टरांना विचारून, उभं राहायचं काम असेल तेवढ्यापुरता, रात्री नाही. आणि एक खूण लक्षात ठेवा, हीच सगळ्यात कामाची आहे: कूस बदलली, थोडं पडलं, नाडा सैल केला की जे दुखणं कमी होतं ते बहुतेक ताणाचं असतं. कशानेही कमी होत नाही, उलट वाढतच जातं, ते त्याच दिवशी दाखवायचं.

बेंबी बाहेर आलीय आणि कुर्त्याला घासून हुळहुळते. शेजारच्या काकू म्हणतात बाहेर आली म्हणजे मुलगा. खरंय का?

अजिबात नाही. बेंबी बाहेर येते ती आतून दाब वाढला म्हणून, मुलगी असो की मुलगा. डिलिव्हरीनंतर हळूहळू ती बहुतेक आत जाते. (सोनोग्राफीतही लिंग सांगायला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे हे काकूंनाही सांगा, आणि घरात कुणी "बघून घेऊ" म्हणत असेल तर ठाम नाही म्हणा.) घासू नये म्हणून आत मऊ सुती बनियन घाला, रात्री थोडं खोबरेल लावा.

सासूबाई म्हणतात बेंबी सरकलीय. गावात एक मावशी पोट चोळून, दिवा ठेवून वर तांब्या लावून बेंबी बसवतात. मला सातवा चालू आहे. जाऊ का?

जाऊ नका, प्लीज. सासूबाई काळजीनेच म्हणतायत, त्यांना स्वतःला कधी तरी त्याने बरं वाटलं असेल, पण बेंबी अशी जागेवरून सरकत नाही. ज्याला आपण बेंबी सरकली म्हणतो तो बऱ्याचदा गॅस असतो, जुलाब असतात, लोहाच्या गोळ्यांनी झालेलं बद्धकोष्ठ असतं, नाहीतर वर सांगितलेला ताण. गरोदर नसताना कुणी पोट चोळलं तर कदाचित काही बिघडणार नाही, पण सातव्या महिन्यात पोटावर जोर दिला तर वार गर्भाशयापासून सुटू शकते, त्यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. दिव्याने भाजायची भीती वेगळीच.

दुसरं कारण मला याहून जास्त महत्त्वाचं वाटतं. अपेंडिक्सचं दुखणं पुष्कळदा बेंबीभोवतीच सुरू होतं, मग काही तासांनी उजवीकडे जातं, आणि गरोदरपणात गर्भाशयाने सगळं वर ढकललेलं असल्यामुळे ते नेहमीपेक्षा थोडं वरही जाणवू शकतं. सोबत भूक जाते, उलट्या होतात, ताप येतो. आता अशा बाईला बेंबी बसवायला नेलं, रात्रभर वाट पाहिली, आणि आत अपेंडिक्स फुटलं तर? हा गेलेला वेळ परत मिळत नाही. गरोदरपणात अपेंडिक्सचं ऑपरेशन करता येतं आणि वेळेवर केलं तर बाळासाठीही तेच बरं असतं. तुम्ही सासूबाईंना सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा, त्यांच्यासमोर तपासू दे, त्यांच्या शंका त्यांनाच विचारू दे, घरातला वाद त्याने जास्त लवकर मिटतो. आणि एरंडेल प्यायला कुणी सांगितलं तर तेही घेऊ नका, त्याने कळा सुरू होऊ शकतात.

बेंबीपाशी मऊ गाठ येते, खोकलं की मोठी होते, आडवी पडले की जाते. हर्निया असेल तर लगेच ऑपरेशन करावं लागेल का? नॉर्मल डिलिव्हरी होणार नाही का?

वर्णनावरून हर्निया (पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतली चरबी किंवा आतडं बाहेर डोकावणं) वाटतोय, पण हात लावून तपासल्याशिवाय पक्कं म्हणता येत नाही. गाठ मऊ आहे, आत जाते, फार दुखत नाही, तर बहुतेक वेळा ऑपरेशन डिलिव्हरीनंतर काही महिन्यांनी करतात, आणि फक्त हर्निया आहे म्हणून सिझेरियन करायची सहसा गरज नसते. तोवर जड बादल्या-हंडे उचलू नका, खोकला अंगावर काढू नका, संडासला कुंथावं लागू नये म्हणून पाणी, भाज्या, फळं, आणि डॉक्टर म्हणाले तर इसबगोल.

पण गाठ आत जाईनाशी झाली, कडक झाली, लाल किंवा निळसर दिसायला लागली, उलट्या सुरू झाल्या, तर आतडं त्यात अडकलेलं असू शकतं. ती दाबून आत ढकलत बसू नका, तेव्हाच निघा, रात्र असली तरी.

बेंबीतून वास येतो, थोडं चिकट पाणी येतं आणि भोवती खाज सुटते. हळद लावू का?

हळद नको, त्याने आतलं काही दिसत नाही आणि ओलावा तसाच राहतो. अंघोळीत साधं पाणी आणि सौम्य साबण, मग मऊ कपड्याने कोरडं करा. हेअरपिन, काडी घालून मळ काढू नका. दोन-तीन दिवसांत कमी नाही झालं, लाली पसरली किंवा पू आला तर दाखवा, बुरशी असेल तर मलम लागेल, आणि शुगर तपासली नसेल तर तीही करून घ्या. बेंबीत रिंग असेल तर काढून टाका.

खाजेबद्दल थोडं वेगळं. कातडी ताणल्याने पोटाला खाज येतेच. शेवटच्या महिन्यांत स्ट्रेच मार्क्सवर लाल पुरळ येते ती सहसा बेंबीला सोडून असते. पण पुरळ बेंबीपासूनच सुरू होऊन फोड यायला लागले तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि अंगावर काहीच नाही तरी तळहात-तळपाय खाजतायत, रात्री जास्त, तर थांबू नका, लिव्हरची आणि पित्ताच्या आम्लाची रक्ततपासणी लागते, कारण हा लिव्हरचा त्रास असेल तर त्याचा बाळावर परिणाम होऊ शकतो.

दुखलं की कुठली पेनकिलर चालेल?

डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या मनाने घेऊ नका, २० आठवड्यांनंतर तर मुळीच नाही, बाळाच्या किडनीवर आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर परिणाम होतो. केमिस्टकडे गेल्यावर गरोदर आहे हे आधी सांगा, पाकिटावरची नावं वाचा, कारण एकाच गोळीत दोन औषधं असतात. पोटावर कडकडीत गरम पिशवीही नको.

आम्ही पाड्यावर राहतो, तालुक्याचं हॉस्पिटल लांब आहे. नेमकं कशासाठी निघायचं?

तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बेंबीच्या किंवा पोटाच्या दुखण्यासोबत अंगावरून रक्त किंवा पाणी जात असेल, पोट दगडासारखं कडक होऊन राहत असेल, ३७ आठवड्यांच्या आधीच ठरावीक वेळाने कळा येत असतील, ताप-उलट्या असतील, बाळाची हालचाल कमी झाली असेल, यातलं एकही असेल तर सकाळची वाट बघू नका. दुखणं बेंबीच्या वर, बरगड्यांखाली असेल आणि डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधुक दिसतंय, तोंड-हात सुजलेत, तर तो वाढलेल्या बीपीचा त्रास असू शकतो, त्यातही लगेच जायचं.

१०८ ला फोन लावा आणि आशाताईंना कळवा. फोनवर कितवा महिना, दुखणं कधीपासून, रक्त जातंय का, एवढं आधी सांगा. निघताना माता-बाल कार्ड, रक्तगटाचा रिपोर्ट आणि शेवटची सोनोग्राफी पिशवीत टाका, आणि वाटेत काही खाऊ नका, कारण ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामं असलेलं बरं.