‘कुठेही फ्री डिलिव्हरी’ लिहिलं आणि ऑर्डर आली न्यू जर्सीहून

प्रश्न : मी घरून चादरी-टॉवेल विकते. वेबसाइटवर ‘कुठेही फ्री डिलिव्हरी’ असं लिहिलं होतं. न्यू जर्सीच्या एका मराठी ग्राहकाने सहा डबल चादरी मागवून पैसेही भरले. कुरिअरचा खर्चच चादरींच्या किमतीहून जास्त होतोय. ग्राहक म्हणतो, कन्फर्म झाल्याचा मेल आलाय, पाठवा, नाहीतर नोटीस देतो. कुरिअरवाला सुचवतो, ‘गिफ्ट’ म्हणून कमी किंमत लावून पाठवा. काय करू? – एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : ताई, आधी ते गिफ्टचं डोक्यातून काढून टाका. विकलेला माल भेट म्हणून दाखवणं म्हणजे कस्टम्सला खोटं लिहून देणं. कस्टम्स कायदा १९६२, कलम ११४एए : दंड मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत. कागदावर सही तुमची असते, सल्ला देणाऱ्याची नाही.

आता ग्राहकाचं. वेबसाइटवर माल मांडला म्हणून करार होत नाही; ग्राहकाची ऑर्डर हा प्रस्ताव आणि तुमचा होकार आला की करार. पण तुमच्या वेबसाइटने पैसे घेऊन ‘कन्फर्म’चा मेल परस्पर धाडला, तिथे तुमची बाजू लंगडी पडते. ‘कुठेही म्हणजे भारतात’ हे तुमच्या मनात होतं, पण एकाच बाजूच्या गैरसमजाने करार मोडता येत नाही (करार कायदा १८७२, कलम २२). वाढीव कुरिअर खर्चही हक्काने मागता येणार नाही, कारण २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार डिलिव्हरीसकट एकूण किंमत आधीच दाखवायची असते.

तरी नोटिशीने हबकू नका. करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे भरपाई मिळते ती खऱ्या नुकसानीची; पैसे तत्काळ परत मिळाल्यावर सहा चादरींपायी त्याचं कितीसं नुकसान दाखवणार?

आजच ईमेल करा, फोनवर मिटवू नका. एक तर त्याने कुरिअर आणि तिकडची ड्युटी भरावी (२९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी काढली आहे, हेही कळवा), नाहीतर पूर्ण पैसे परत. पुण्या-मुंबईत त्याचं कोणी असेल तर तिथे फुकट पोचवते, असंही लिहा. माझ्या मते यातच दोघांचं भलं आहे. तो जे निवडेल ते लेखी घ्या. रिफंड ज्या कार्डावरून पैसे आले त्यावरच द्या आणि पेमेंट गेटवेची (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेची) फी कापू नका, कारण माघार तुम्ही घेताय.

पाठवायचंच ठरलं, तर विक्रीच्या निर्यातीला डीजीएफटीचा (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा) आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड क्रमांक लागतो. ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये. जीएसटीचं तुमच्या सीएंना विचारा.

वेबसाइटवर आजच ‘भारतात कुठेही’ करा, पत्त्याच्या रकान्यात देश फक्त भारत ठेवा आणि आपोआप जाणाऱ्या मेलमध्ये ‘ऑर्डर मिळाली, तपासून कळवतो’ एवढंच लिहा.